नळी लावली आणि कवडसा कोरा झाला

वॉट बघायचे नाहीत! हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी इतकं काही बोलणार आहे की त्यात ही मुद्द्याची गोष्ट हरवून जाईल. लाकडाचा भुसा ओढायला व्हॅक्यूम क्लीनर घ्यायला निघालात, तर खोक्यावर ठळक छापलेला तो 1400, 1600, 2000चा आकडा अंगठ्याने झाकून टाका. मोटर किती वीज खाते ते त्यात कळतं, केर किती ओढते ते नाही. युरोपात 2014पासून नियमच लागू झाला, 1600 वॉटच्या वरचा घरगुती व्हॅक्यूम विकायचा नाही. 2017मध्ये ती मर्यादा 900वर आणली. तेव्हापासून तिकडची घरं काही मळकी राहिली नाहीत. कंपन्यांनी मुकाट्याने नळ्या सुधारल्या, फटी बुजवल्या, पंख्यांची पाती नीट केली आणि कमी विजेत तेच काम करून दाखवलं. हे वाचलं त्या दिवशी मी जेवताना घरात सांगितलं, मग शेजारी जाऊन सांगितलं, सकाळी दूधवाल्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "बरं बरं ताई," आणि एक पिशवी जास्त देऊन गेला.

आता मी कोण आणि मला भुश्याचं एवढं काय पडलंय? मी लासलगावची, म्हणजे कांद्याची. बाजार समिती 1947 सालची, आशियातली सगळ्यात मोठी कांद्याची बाजारपेठ म्हणून गावाचं नाव घेतात. भाव पडला की दिल्लीपर्यंत बातमी जाते आणि चढला की सरकारं हलतात. पण या बाजाराचा एक हिस्सा लिलावात बोलला जात नाही, तो फुकट आमच्या घरात येतो. पापुद्रे! उन्हाळ कांद्याच्या दिवसांत खळ्यांवर बायका तोंडाला फडकं गुंडाळून निवडणीला बसतात, आणि वारा सुटला की ती गुलाबी फोलपटं गल्लीभर होतात. देव्हाऱ्यात, डाळीच्या डब्यामागे, वाळत घातलेल्या पांघरुणांत, सगळीकडे. तेव्हा केर म्हटल्यावर बिचकणारी माणसं आम्ही नाही. केरसुणी, झाडू, अंगणाला खराटा, एवढ्यावर आमच्या घराण्याचं आजवर भागलं.

मग मी सुतारकाम सुरू केलं.

नाना, म्हणजे माझे सासरे, जुने हौशी सुतार. पाट, देव्हारे, चौरंग, नातवंडांना पांगुळगाडे, हे सगळं त्यांनी पडवीत बसून केलेलं. डोळे अधू झाले तशी त्यांनी पेटी माझ्या हवाली केली, रंधा, पटाश्या, गुण्या, गिरमीट, सगळं तेल लावून पुसलेलं. त्यांच्या रंध्यातून सागाची साल निघते ना, ती एकदा बघायला हवी. पातळ, गुंडाळत जाणारी, उजेडात धरली तर बोट पलीकडून दिसावं अशी. ती जमिनीवर पडते आणि पडून राहते. केरसुणीचा एक फटकारा मारला की कोपऱ्यात. माझा मात्र हात विजेच्या अवजारांवर बसला. आधी जिगसॉ आणला, मग गोल करवत आणि शेवटी फळी घासायचा सँडर. रंध्यातून साल निघते, सँडरमधून पीठ. हा फरक मला कोणी सांगितलेला नव्हता आणि तो सगळ्या गोष्टीच्या मुळाशी आहे! ते पीठ पडत नाही. ते हिंडतं.

किती हिंडतं याचा हिशेब भौतिकशास्त्राच्या पुस्तकात मिळतो, आणि तो मला भलताच आवडला. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाडीचा. 10 मायक्रॉनचा कण डोळ्याला एकटा दिसत नाही, आणि वारा नसलेल्या खोलीत डोक्याच्या उंचीवरून खाली यायला त्याला काही मिनिटं लागतात. 1 मायक्रॉनच्या कणाला? अर्ध्या दिवसाहून जास्त! म्हणजे सकाळी मी फळी घासायची, दुपारी केर काढायचा, आणि रात्री आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दिवा लावायला देवापुढे बसतात तेव्हा सकाळचा साग अजून खाली उतरायचाच असतो. आईंना जुना खोकला आहे. त्या मला काही म्हणत नसत, फक्त मी सँडरचं बटण दाबलं की उठून माजघरात जायच्या.

नुसतं खोकल्यावर भागत नाही. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 साली पहिल्या गटात टाकली. कर्करोग होतो हे पुरतं सिद्ध झालेल्या गोष्टींचा हा गट. नाक आणि नाकाभोवतीच्या पोकळ्या, तिथला कर्करोग. वर्षानुवर्षं त्याच धंद्यात राबणाऱ्यांवरून काढलेला हा निष्कर्ष आहे, तेव्हा चार पाट घासणाऱ्याने रात्रभर जागं राहायचं कारण नाही. पण आपल्याकडच्या फर्निचरच्या कामात आता अख्खं लाकूड असतं तरी कुठे? प्लाय, एमडीएफ, वर सनमायका. एमडीएफ म्हणजे लाकडाचा बारीक लगदा आणि फॉर्मल्डिहाइडचा गोंद, आणि फॉर्मल्डिहाइड त्याच पहिल्या गटात बसलेलं. गल्लीत कपाटाचं काम चालू असतं तेव्हा मिस्त्री कानाला पेन्सिल लावतात, नाकाला काही नाही. संध्याकाळी ब्लोअर घेऊन सगळा भुसा फुंकतात. खोली दोन मिनिटांत चकाचक, आणि भुसा? शेजारच्या खोलीत, जिन्यात, त्यांच्या छातीत.

ब्लोअरवरून आठवलं, आणि हा किस्सा सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच यायचं नाही. 1901 सालचं लंडन. ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाचा एक इंजिनिअर केर काढायचं नवं यंत्र बघायला गेला. ते यंत्र काय करायचं? फुंकायचं! हवेचा झोत सोडून धूळ उडवायची आणि ती डब्यात पडेल अशी आशा करायची. बूथने विचारलं, अहो, उलटं का नाही करत? ओढून का नाही घेत? जमणार नाही, असं उत्तर मिळालं. मग या पठ्ठ्याने काय केलं, एका हॉटेलातल्या गादीच्या खुर्चीवर हातरुमाल ठेवला, त्यावर तोंड टेकवलं आणि जोरात श्वास ओढला. खोकून खोकून बेजार झाला, पण रुमाल उलटा करून बघितला तर काळा डाग! झालं. त्याचं पहिलं यंत्र घोडागाडीवर बसेल एवढं होतं, पेट्रोलच्या इंजिनावर चालणारं. ते रस्त्यात उभं करायचं आणि खिडक्यांतून लांबच लांब नळ्या आत सोडायच्या. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्याने साफ केले. आणि आपल्याकडे सव्वाशे वर्षांनी गल्लीत फुंकणं चालूच आहे.

घरात मावेल असं यंत्र ज्याने केलं तो तर मला बूथहून जवळचा वाटतो. जेम्स मरे स्पँग्लर, अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावात एका दुकानात झाडलोट करणारा, साठीला टेकलेला, दम्याचा रोगी. गालिचे झाडताना धाप लागायची. 1907 साली त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र करून स्वतःसाठी यंत्र बनवलं. पुढच्या वर्षी पेटंट मिळालं आणि ते चामड्याच्या वस्तू करणाऱ्या हूवर घराण्याने घेतलं. नाव हूवरचं झालं, ते असो. हे आईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे खोकणाऱ्याने आपलं आपण यंत्र केलं. इथे खोकणारी मी आणि यंत्राचा शोध करतेस तू." मग थांबून, "कधी आणतेस?"

एवढं म्हटल्यावर कोण थांबतंय! एसटीत आम्हा बायकांना 2023पासून अर्धं तिकीट आहे, तेव्हा नाशिकला जायला मुहूर्त लागत नाही. निघताना मी दोन स्टीलचे डबे भरून घेतले. एकात जिगसॉचा जाडा भुसा, दुसऱ्यात सँडरचं पीठ. आमचे हे म्हणाले, "डबे कशाला?" मी म्हटलं, "नमुना."

1982 साली फोर्ब्स आणि स्वीडनची इलेक्ट्रोलक्स यांनी मिळून युरेका फोर्ब्स काढली आणि टाय लावलेली पोरं दारोदार युरोक्लीन घेऊन फिरू लागली. ज्यांची घरं तेव्हा नाशिक-मुंबईला होती त्यांना आठवत असेल, तो पोरगा घरात शिरायचा, तुमचीच गादी ओढायचा आणि तुमचीच धूळ पांढऱ्या फडक्यावर काढून तुम्हाला दाखवायचा. घरातली बाई लाजेने अर्धमेली व्हायची आणि यंत्र खपायचं. मी त्याच्या उलट केलं. माझी धूळ घेऊन मी दुकानात गेले!

दुकानदार भला माणूस. पहिला डबा फरशीवर उपडा केला तेव्हा तो उठून उभा राहिला, दुसरा केला तेव्हा हसायला लागला. आधी त्याने आडवा, चाकांवर फिरणारा घरगुती व्हॅक्यूम काढला, आत कापडी पिशवी असलेला. जाडा भुसा त्याने छान ओढला. मधेच एक चिमटीएवढी ढलपी नळीच्या वळणावर अडकली, तिच्यामागे भुसा तुंबला, नळी झटकल्यावर सुटली. मग सँडरचं पीठ. तेही गेलं, फरशी स्वच्छ. दुकानदार माझ्याकडे बघतोय, झालं ना ताई, या थाटात. मी पर्समधून पांढरा हातरुमाल काढला आणि यंत्राच्या मागे, जिथून हवा बाहेर पडते, तिथे धरला. बूथसारखाच, फक्त तोंडाऐवजी शेपटीला! बघता बघता रुमालावर बदामी गोल उमटला. म्हणजे पुढून ओढलेलं पीठ मागून परत खोलीत, आणि आता जोरात फेकलेलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती आपलं मिक्सर बघायचं सोडून आमच्याभोवती जमली.

मग आला ड्रम. ओलं-सुकं दोन्ही ओढणारा, उभा, डोक्यावर मोटर आणि खाली पिंप. दिसायला अगदी ओबडधोबड, दिवाणखान्यात ठेवायची वस्तू नव्हे. पण नळी बघा! घरगुतीच्या नळीपेक्षा चांगली रुंद, 35 मिलिमीटर. भुश्याला मुळात हवा लागते, भरपूर हवा, आणि हवेला रुंद वाट लागते. यंत्रांचं मोजमाप दोन तऱ्हांनी करतात. एक ओढ, ती किलोपास्कलमध्ये, आणि दुसरा हवेचा प्रवाह, तो सेकंदाला किती लिटर यात. तोंड बंद केल्यावर नळी तळहाताला किती घट्ट चिकटते ती ओढ. दुकानात सगळे तेवढंच करून दाखवतात आणि गिऱ्हाईक खूश होतं. भुसा उचलून चार हात लांब वाहून न्यायचा तर दुसरा आकडा हवा. खोक्यावर तो बारीक अक्षरांत असतो, असला तर. दुकानदाराच्या चष्म्याने आम्ही दोघांनी मिळून तो शोधला.

डबा केवढा हवा? निदान 15 लिटर, जमलं तर 20. भुसा वजनाला काही नसतो पण फुगून बसतो. एका फळीवर रंधा मशीन फिरवलं की सुपं भरतील एवढा निघतो. 5 लिटरचं गोंडस यंत्र घेतलंत तर काम कमी आणि अंगणात डबा झटकणं जास्त. दांड्यासारखे ते हातात धरायचे बॅटरीचे व्हॅक्यूम आणि घरभर आपले आपण फिरणारे रोबो यांच्याबद्दल मी एका वाक्यात सांगते: भुश्यासाठी नाहीत.

आता फिल्टर. इथे मला अक्षरशः नाचावंसं वाटलं! ड्रमच्या आत मोटरभोवती काय गुंडाळलंय यावर सगळं आहे. काळा स्पंजाचा मोजा असतो, तो पाण्यासाठी, धुळीला त्यातून राजरोस वाट. कोऱ्या घड्यांचा गोल कागदी फिल्टर असतो, तो धुळीसाठी. घड्या एवढ्यासाठी की उलगडला तर कागद कितीतरी मोठा भरावा, आणि जितका कागद जास्त तितका तो उशिरा चोंदतो. त्याच्याही आत, नळीच्या तोंडाला, न फाटणाऱ्या नमदी कापडाची पिशवी बसते. ती बसवली तर हवा आधी पिशवीतून, मग फिल्टरमधून, मग बाहेर. हेपा नाव ऐकलंच असेल, 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो तो. पण नुसतं फिल्टरवर हेपा लिहून चालत नाही, त्याच्या कडेचं रबर नीट बसलं नसेल तर हवा त्याला वळसा घालून निघून जाते. युरोपात अशा यंत्रांचे तीन वर्गच केलेत: एल, एम, एच. एलमधून शंभरातला एक भाग धूळ निसटली तर चालते, एममधून हजारातला एक, एचमधून त्याहूनही कितीतरी कमी. लाकडाच्या धुळीला एम. आपल्या बाजारात साध्या ड्रमवर ही अक्षरं सहसा नसतात, तेव्हा माझ्यापुरता वर्ग मी रुमालानेच ठरवला. पिशवी आणि घड्यांचा फिल्टर दोन्ही लावून ड्रम चालू केला, मागे रुमाल धरला. पांढरा. अजून धरला. पांढराच! "बांधा," मी म्हटलं. पाच-सहा हजारांपासून हे ड्रम मिळतात, आणि रुमालाच्या परीक्षेला कोणी पैसे मागत नाही.

खरी धमाल पुढेच. यंत्र घरी आलं, मी घासलं, मग ओढलं, फरशी लख्ख. नाना पडवीत बसून ऐकत होते, दिसत कमी असलं तरी ऐकायला पक्के. म्हणाले, "पोरी, खाली पडल्यावर कशाला ओढतेस? पडतंय तिथेच धर की."

पडतंय तिथेच धर!

सँडरच्या बुडाशी एक नळकांडं असतं, त्याला कापडाची इवलीशी पिशवी लावून देतात. ती काढायची आणि तिथे व्हॅक्यूमची नळी जोडायची. नळकांडं एका मापाचं, नळी दुसऱ्या मापाची, जोडायचं कसं? अहो, निफाड तालुक्यात राहून ही अडचण म्हणावी? गावोगाव द्राक्षबागा, गावोगाव ठिबकची आणि पाइपची दुकानं. मी सँडर पिशवीत घालून दुकानात नेला, पोऱ्याने रिड्यूसरचा ढीग पुढे टाकला, दोन मापं बसली, उरलेली फट सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याने बंद. चहाच्या पैशांत काम झालं.

आमच्या पडवीच्या पत्र्याला एक जुन्या खिळ्याचं भोक आहे. दुपारी तिथून कवडसा उतरतो, बोटाएवढा जाड. घासताना तो कवडसा दुधी व्हायचा, त्यात कण कण वर-खाली नाचताना दिसायचे, आणि काम थांबवल्यावरही कितीतरी वेळ ते तसंच. नळी लावून मी सागाची फळी घासायला लागले आणि कवडश्याकडे बघितलं. दिसेना! म्हणजे फरशीवर उजेडाचा ठिपका आहे, वर पत्र्याला भोक आहे आणि मधली काठी गायब. उजेडाला दिसायला धूळ लागते आणि धूळ नळीत चाललीय. मी सँडर थांबवला, नळी काढली, पुन्हा घासलं, कवडसा हजर. नळी लावली, कवडसा कोरा. आमच्या ह्यांना हाक मारली, शेजारच्या काकूंना बोलावलं, पुन्हा केलं. आई माजघरातून बाहेर येऊन खुर्चीवर बसल्या, बटण चालू असताना. फळीची जाडी एव्हाना निम्मी झाली असेल, कोणाला पर्वा!

एकच गोष्ट राहिली होती, आणि तिने मला पार वेड लावलं. तासाभराच्या कामानंतर ओढ मंदावते. बारीक पिठाचा थर फिल्टरवर बसतो, हवेची वाट बंद. बाहेर नेऊन ठोकायचा, पुन्हा लावायचा. ठोकताना उडतं ते वेगळंच. 1978च्या सुमारास जेम्स डायसन नावाच्या इंग्रजाला घरी हाच वैताग आला होता, पिशवी चोंदली की यंत्र रडतं. आणि त्याला उत्तर कुठे सापडलं सांगू? लाकडाच्या वखारीत! तिथे छपरावर एक भलं मोठं पत्र्याचं नरसाळं होतं, सायक्लोन म्हणतात त्याला, आणि ते भुसा हवेतून वेगळा काढत होतं, ना पिशवी ना फिल्टर. तो घरी आला, पुठ्ठ्याचं छोटं नरसाळं केलं, व्हॅक्यूमला चिकटवलं, चाललं. मग 5127 नमुने केले, वर्षं गेली, कर्ज झालं. 1986मध्ये आधी जपानने ते घेतलं, आणि स्वतःच्या नावाचं यंत्र 1993 साली बाजारात आलं. आज दिवाणखान्यात मिरवणाऱ्या त्या महागड्या यंत्राचा जन्म आमच्या भुश्यातून झालाय! कोणी कधी हे सांगत का नाही?

सायक्लोन चालतो कसा, तर शेतकऱ्याला ते शिकवायची गरज नाही. उफणणीत आपण वाऱ्यावर धान्य सोडतो, जड दाणा जवळ पडतो आणि हलकं फोल लांब जातं. इथे वारा सरळ न वाहता गोल फिरतो, एवढंच. हवा नरसाळ्यात कडेने शिरते, भिंतीला घासत गरगरत खाली येते. भुसा जड, तो भिंतीकडे फेकला जातो, घसरत घसरत खालच्या बादलीत. हवा हलकी, ती मधल्या नळीतून वर निघून व्हॅक्यूमकडे. मी प्लास्टिकचं तयार नरसाळं मागवलं आणि रंगाऱ्याकडून डिस्टेंपरची 20 लिटरची रिकामी बादली आणली. झाकणाला भोक पाडलं, बोल्ट आवळले, कडेने सिलिकॉन भरलं. नरसाळं धुरकट पारदर्शक आहे. बटण दाबलं आणि आत सागाची वावटळ उभी राहिली, सोनेरी, दोरासारखी वळत खाली जाणारी. मी गुडघ्यावर बसून बघत राहिले. काम संपल्यावर व्हॅक्यूमचा ड्रम उघडला, आत नखावर मावेल एवढं पीठ. सगळं बादलीत!

घेताना बादली जाड बघून घ्या मात्र. नळीच्या तोंडाशी ढलपी अडकली की आत हवा विरळ होते आणि बाहेरची हवा चहूकडून दाबते. साधारण 20 किलोपास्कलची ओढ आणि सव्वा वितीचं झाकण, गुणाकार केला तर त्या झाकणावर सव्वाशे किलोच्या आसपास भार येतो. 50 किलोच्या अडीच गोण्या! पातळ बादली धप् करून आत बसते.

विजेचंही सांगून टाकते, कारण याकडे कोणी लक्ष देत नाही. घरातला साधा प्लग 6 ॲम्पिअरचा, म्हणजे 230 व्होल्टला फार तर 1380 वॉट. एकट्या 1400 वॉटच्या व्हॅक्यूमलाच तो पुरत नाही, त्यात वर करवत लावली तर वायर तापणार. मोठा, 16 ॲम्पिअरचा प्लग हवा, अर्थिंग खरोखरीचं हवं, आणि इन्व्हर्टरच्या भरवशावर हे दोन्ही लावायचं नाही. थंडीत आणखी एक गंमत. निफाडचा पारा कित्येकदा महाराष्ट्रात सगळ्यात खाली जातो, बागाईतदार द्राक्षं वाचवायला पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, आणि त्या कोरड्या हवेत प्लास्टिकच्या नळीतून भुसा धावला की नळीवर वीज साठते. हात लागला की चटका. नळीभोवती उघडी तांब्याची तार गुंडाळून अर्थिंगला जोडली की थांबतं. आणि विडीचं थोटूक, धुमसता निखारा, तेल-पॉलिश लागलेला भुसा यातलं काही नळीपुढे येऊ द्यायचं नाही. भुसा हे शेवटी जळणच आहे.

जळणावरून नाना सुरूच झाले. बादली भरली तशी त्यांनी माळ्यावरून भुश्याची शेगडी काढायला लावली, जुनी, तळाशी भोक असलेली पत्र्याची. बुडाच्या भोकात आडवी एक बाटली, मधे उभी एक बाटली, भोवती भुसा घालून मुठीने ठोकून ठोकून भरायचा, मग बाटल्या अलगद फिरवत काढून घ्यायच्या. मधे बोगदा तयार. खालून पेटवलं की धूर न करता तासन् तास मंद धगते. आई त्यावर डाळ शिजवायच्या, अंघोळीचं पाणी तापवायच्या. वखारीतून पोत्याने भुसा आणायला रांग असायची म्हणे, बर्फाची लादी भुश्यात गुंडाळून यायची, आणि सिनेमाच्या थिएटरात ओला भुसा पसरून मग झाडायचे, धूळ उडू नये म्हणून. भुश्याने केर काढायचे! हे ऐकून मी पाच मिनिटं गप्प होते, आणि आमच्या घरात ती नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

मात्र दोन बादल्या वेगळ्या ठेवते. प्लाय-एमडीएफची एक, ती ना शेगडीला ना खताला, सरळ घंटागाडीत. अख्ख्या लाकडाची दुसरी. त्यातला भुसा कोंबड्यांखाली पसरायला आमच्याकडच्या शेडवाल्यांना हवाच असतो, आणि थोडा मी खतात घालते, शेण जास्त टाकून. भुश्यात कार्बन भारंभार आणि नत्र नावाला, शेणाशिवाय तो वर्ष वर्ष तसाच पडून राहतो. कांद्याची फोलपटंही आता त्याच खड्ड्यात जातात, कारण हो, ड्रम ती पण ओढतो! लक्ष्मीपूजनाला आईंनी नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहिलं आणि एक बोट ड्रमलाही लावलं. मी काही बोलले नाही, नळी तेवढी नीट गुंडाळून ठेवली.

गल्लीतला मिस्त्री परवा येऊन गेला. आधी दारातूनच बघत होता, मग आत आला, नरसाळ्याला कान लावला, कवडसा बघितला, पुन्हा बघितला. "याला फिल्टर किती दिवसांनी बदलायचा?" मी ड्रम उघडून दाखवला. "कितीला पडलं सगळं?" सांगितलं. म्हणाला, "मला बसवून द्याल? कटरला." कटरचं बूड निराळं, तिथे भुसा दोन बाजूंनी उडतो, वरून एक टोपी करावी लागेल, बहुतेक पत्र्याची, नाहीतर पाण्याचा पाइप उभा चिरून. माप घ्यायला उद्या त्याच्या कामावर जातेय. रंगाऱ्याला दोन बादल्या सांगून ठेवल्यात, जाड काठाच्या, आणि तिसरी मागून घ्यावी असं वाटतंय, कारण पलीकडच्या आळीत एक जण राउटर घेतोय असं ऐकलंय.